पडल्यानंतरचा धडा



ज्या घरीं किंवा ज्याच्या शेजारीं मोटारसायकल नाहीं, असें घर आज आपल्या मंडळ्यांत क्वचितच आढळेल. शेतावर जाणें, दूध डेअरीवर पोंचविणें, मुलांस शाळेंत सोडणें, आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं नेणें, हीं सर्व कामें तिच्यावर होतात. तिचे उपकार थोडे नाहींत. परंतु तिच्यावरून पडून अंथरुणास खिळलेला मनुष्यही आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. अशा मनुष्याविषयीं आपण दोनच प्रश्न विचारतों. ‘तो वांचला काय?’ आणि ‘तो चालूं लागला काय?’ या दोहोंचें उत्तर ‘होय’ असें मिळालें, म्हणजे प्रकरण संपलें असें आपण समजतों. मीही असेंच समजत होतों. परंतु तिसरा एक प्रश्न आहे, आणि तो विचारल्यावांचून बरें होणें पुरें होत नाहीं, हें दाखविणें हा या पाठाचा हेतु आहे. तो प्रश्न कोणता, हें सांगण्यापूर्वीं माझीच हकीकत मला सांगितली पाहिजे.

१. पडण्याची हकीकत

उसाच्या गळिताचा हंगाम होता. दूरच्या वाडीवरील सायंकाळची उपासना आटोपून मी मोटारसायकलीवरून घरीं परत येत होतों. मागें मंडळींतील एक तरुण बसला होता. वय एकोणीस वर्षांचें, पेटी वाजविण्यांत हुशार, आणि विधवा आईचा एकुलता एक मुलगा. दिवस मावळला होता, पण पुरता अंधार पडला नव्हता. अशा वेळीं रस्ता दिसतो असें वाटतें, पण रस्त्यावर काय आहे तें दिसत नाहीं. एका वळणापुढें उसानें भरलेली ट्रॉली चढावर हळूहळू चालली होती. तिला मागें तांबडा दिवा नव्हता, कीं चकाकणारी पट्टीही नव्हती. ती मला दिसली तेव्हां आमच्यांत व तिच्यांत पंधरा-वीस पावलांचें अंतर उरलें होतें. मीं ब्रेक दाबला, चाक खडीवरून घसरलें, आणि आम्ही दोघेही रस्त्यावर आपटलों.

माझ्या उजव्या पायाच्या नडगीचें हाड मोडलें. तो तरुण माझ्यापासून चार हातांवर निपचित पडला होता. मीं त्यास हांक मारिली. त्यानें ओ दिली नाहीं. त्या दोन-तीन मिनिटांइतका दीर्घ काळ मीं आपल्या आयुष्यांत दुसरा पाहिला नाहीं.

दोन मोटारी आमच्या बाजूनें निघून गेल्या. मग शेजारच्या वावरांत मेंढरें बसविलेला एक धनगर धांवत आला. पाठोपाठ आलेल्या एका माणसानें त्या तरुणास उचलून बसविण्यासाठीं हात घातला, तेव्हां हा धनगर म्हणाला, “हलवूं नका पोराला. मेंढरूं कड्यावरून पडलं तरी आम्ही आधीं बघतों, मग हात लावतों.” त्यानें आपलें घोंगडें त्याच्या अंगावर घातलें, चहाच्या टपरीवरील मुलास १०८ क्रमांकावर फोन करावयास लाविलें, आणि गाडी येईपर्यंत तो रस्त्यांत काठी आडवी धरून उभा राहिला. आपला शेजारी कोण, हा प्रश्न मीं उपदेशांत कित्येक वेळां सोडविला होता. त्या दिवशीं त्याचें उत्तर माझ्यापुढें काठी घेऊन उभें होतें.

२. हाड कसें जुळतें

इस्पितळांत माझ्या मोडलेल्या हाडाच्या पोकळींत पोलादाची सळई घालण्यांत आली. मला वाटलें, आतां काम झालें. परंतु तेथील डॉक्टरांनीं मला एक गोष्ट समजावून सांगितली, ती सर्वांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हाड डॉक्टर जुळवीत नाहींत. ते मोडलेलीं टोकें सरळ रेषेंत आणून स्थिर धरतात. जुळविण्याचें काम शरीरच करतें. प्रथम मोडलेल्या जागेभोंवतीं रक्त सांकळतें. पुढील कांहीं आठवड्यांत तेथें मऊ तंतूंचा व कूर्चेचा पूल बनतो. मग त्या पुलांत चुना भरत जाऊन तो कठीण होतो, आणि शेवटीं शरीर त्यास कोरून पूर्ववत् आकार देतें. नडगीचें हाड जुळावयास साधारणपणें चार ते सहा महिने, व कधीं त्याहून अधिक काळ लागतो. या कामास घाई करतां येत नाहीं. मात्र त्यांत अडथळा आणतां येतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचें हाड उशिरां जुळतें. हाड बसविणाऱ्याकडे जाऊन कामट्या घट्ट आवळून घेतल्या, तर पायाचा रक्तपुरवठा बंद पडून पाय गमावण्याचीही पाळी येते.

या काळांत मनुष्य दोन बाजूंनीं चुकतो. एक चूक उतावळेपणाची. तिसऱ्या आठवड्यांत मी कुबड्या बाजूला टाकून, डॉक्टरांनीं सांगितल्यापेक्षां अधिक भार पायावर देऊन उभा राहिलों, आणि रात्रीं पाय सुजून मडक्याएवढा झाला. दुसरी चूक भीतीची. त्यानंतर मी पाय हलविण्यासच भिऊं लागलों. न वापरलेला स्नायु दोन आठवड्यांतच वाळूं लागतो. माझी मांडी डाव्या मांडीपेक्षां स्पष्ट बारीक दिसूं लागली, आणि गुडघा बिजागरी गंजल्यासारखा झाला. मग रोज सकाळीं व संध्याकाळीं, सांगितलें तितकेंच, पण न चुकतां, पाय वांकविणें आणि ताणणें सुरू केलें. पहिल्या दिवशीं एक वीत वांकला नाहीं. दोन महिन्यांनीं पाटावर बसतां आलें. उतावळ्यास व भित्र्यास, दोघांसही औषध एकच: सांगितलें तितकें, आणि रोज.

आणखी एक गोष्ट. जो नेहमीं दुसऱ्यांच्या उशापाशीं बसतो, त्यास आपल्या उशापाशीं दुसरे बसलेले सोसत नाहींत. पत्नीनें स्नान घालावें, मंडळींतील मजुरी करणाऱ्या बायांनीं आपल्या घरची भाकरी आणून द्यावी, याची मला लाज वाटे. एके दिवशीं त्यांतील एक बाई म्हणाली, “तुम्ही घेतलंच नाहीं, तर आम्ही द्यायचं कसं शिकावं?” घेणें हाही आजाऱ्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

३. न दिसणारी जखम

तो तरुण अर्ध्या तासानें शुद्धीवर आला. तपासणींत त्याच्या मेंदूस मार लागून थोडा रक्तस्राव झालेला आढळला. शस्त्रक्रिया करावी लागली नाहीं, आणि नवव्या दिवशीं तो घरीं आला. अंगावर खरचटल्याखेरीज खूण नव्हती. माझ्या पायाकडे पाहून लोक हळहळत, आणि त्याच्याकडे पाहून म्हणत, “हा बरा सुटला.”

परंतु तो सुटला नव्हता. सकाळीं सांगितलेलें तो दुपारीं विसरे. चुलत्यावर चिडून त्यानें ताट फेंकून दिलें. दिवसा झोंपे, रात्रीं जागे. आणि ज्या पेटीवर त्याचा जीव, तिचा सूर त्याच्या कानांस सोसेना. कोणी म्हणालें, आळशी झाला. कोणी म्हणालें, त्या वळणावरची बाहेरची बाधा झाली, देवऋष्याकडे न्या. त्याची आई मला म्हणाली, “पाळकसाहेब, पोरगं घरीं आलं, पण माझं पोरगं अजून यायचं आहे.”

ही बाधा नव्हे, हा मेंदूचा मार होय. मडकें न फुटतां हिसका बसला, तरी आंतील दहीं मोडतें. तसेंच कवटी शाबूत राहूनही मेंदूस इजा होते. विसराळूपणा, चिडखोरपणा, डोकेंदुखी, झोंपेचा बिघाड, आवाज व उजेड न सोसणें हीं तिचीं लक्षणें आहेत. बहुतेकांचीं तीं कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत कमी होतात. कांहींचीं फार काळ राहतात. अशा रोग्यास शिव्या देऊं नयेत. प्रथम विसांवा द्यावा, मग काम थोडें थोडें वाढवावें. दारूपासून दूर ठेवावें, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत गाडी चालवूं देऊं नये. एकदां मार लागलेल्या मेंदूस लवकरच दुसरा मार बसणें फार घातक असतें. आणि डोक्यावर पडलेला मनुष्य ‘मला कांहीं झालें नाहीं’ असें म्हणत असला, तरी त्याच्यावर निदान एक दिवस व रात्र नजर ठेवावी. वारंवार ओकारी, वाढती गुंगी, बोलण्यांत घोंटाळा, आंकडी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणें, नाकांतून वा कानांतून पाणी अगर रक्त येणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास क्षणाचा विलंब न करतां मोठ्या इस्पितळांत न्यावें.

४. एका मुलीचा प्रश्न

पांचव्या महिन्यांत मी काठी घेऊन उपासनेस आलों. उपकारस्तुति झाली. मीं सर्व हकीकत सांगितली. वळण सांगितलें, चढ सांगितला, आणि दिवा नसलेली ट्रॉली तर फारच चांगली सांगितली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि ट्रॉलीवाल्यावर सर्वांचा राग झाला.

नंतर शब्बाथशाळेंत आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीनें हात वर करून विचारलें, “पाळकसाहेब, हेल्मेट कुठं होतं?”

मी म्हणालों, “होतं बाळ, जवळच होतं.” मुलें हसलीं, मीही हसलों. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. हेल्मेट खरोखरच जवळ होतें. तें माझ्या कोंपरांत अडकविलेलें होतें.

पहांटे मीं कागद घेतला, आणि तो अपघात कशाकशानें झाला तें लिहून काढलें. ट्रॉलीला दिवा नव्हता, हें एक. मग पुढील गोष्टी आल्या. वाडीवर चहास बसून मी उशीर केला, आणि तो उशीर रस्त्यावर भरून काढूं लागलों. त्या अंधुक उजेडांत माझा वेग ताशीं साठ किलोमीटर होता. मागचा टायर झिजला आहे, असें दुकानदारानें दोनदां सांगितलें होतें. मीं तें पुढच्या महिन्यावर टाकलें होतें. हेल्मेट उकडतें म्हणून मीं काढलें होतें. आणि त्या तरुणापाशीं तर हेल्मेट नव्हतेंच. तरी ‘बस मागें, एवढ्याशा अंतराला काय होतें’ असें मींच त्यास म्हटलें होतें. एक गोष्ट ट्रॉलीवाल्याची, आणि पांच माझ्या! पांच महिने मी त्या एका गोष्टीच्या आड उभा होतों.

मी प्रथम त्याच्या आईकडे गेलों. उंबऱ्यांत बसून कागदावरील सर्व कांहीं सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं. वाडीवरून निघालां तेव्हां मी तिथंच होतें. हेल्मेट तुमच्या हातांत होतं, तें पाहिलं मीं. तुम्ही कधीं सांगतां, त्याची वाट बघत होतें.” तिनें मला क्षमा केली कीं नाहीं, हें ती त्या दिवशीं बोलली नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. तिनें पाणी दिलें. मीं तें घेतलें.

पुढील रविवारीं मीं तोच कागद मंडळीपुढें वाचला. त्यानंतर ट्रॉलीवाल्याकडे गेलों, आणि आधीं माझ्या पांच गोष्टी सांगितल्या. भांडावयास आलेल्या मनुष्यास तो काय म्हणाला असता, कोण जाणे! पण त्यानें मान खालीं घातली, आणि त्याच आठवड्यांत आपल्या दोन्ही ट्रॉल्यांस मागें तांबड्या पट्ट्या लाविल्या. आपला वांटा जो प्रथम उचलतो, त्याच्यापुढें दुसऱ्यासही आपला वांटा उचलणें सोपें जातें.

तर वाचकहो, तिसरा प्रश्न तो हाच: ‘या पडण्यांत माझा वांटा किती होता?’ हा प्रश्न रोग्याचें मन दुखविण्यासाठीं नव्हे. ज्याचा कांहींच दोष नाहीं, असाही मनुष्य पडतो. त्याच्यावर नसता दोष लादणें हें पाप होय. परंतु जेथें आपला वांटा आहे, तेथें तो लपविला, तर हाड जुळतें आणि सवय तशीच राहते. मग तोच मनुष्य त्याच वळणावर पुन्हां त्याच वेगानें जातो.

५. एका शस्त्रवैद्याचें उदाहरण

अपघातापासून शिकणें म्हणजे काय, याचें एक उदाहरण इंग्लंडांतील आहे. पहिल्या महायुद्धांत अरबांच्या बंडांत भाग घेतल्यामुळें प्रसिद्धीस आलेले टी. ई. लॉरेन्स यांस वेगवान् मोटारसायकलींचा फार नाद होता. ता. १३ मे १९३५ रोजीं डॉर्सेट परगण्यांत आपल्या घराजवळच्या रस्त्यावर, सायकलींवरून जाणाऱ्या दोन मुलांस चुकवितांना ते पडले. डोक्यास जबर मार लागला. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. सहा दिवसांनीं, ता. १९ मे रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं ते मरण पावले.

त्यांच्या उपचारास बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नांवाचे, मूळचे ऑस्ट्रेलियाचे, मेंदूचे शस्त्रवैद्य होते. रोगी हातचा गेला. पण केर्न्स यांनीं ती गोष्ट तेथेंच सोडली नाहीं. मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांस होणाऱ्या इजांचा त्यांनीं अभ्यास चालविला, आणि १९४१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आपला लेख प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागें बसलेले लोक मरण पावले होते, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. हेल्मेट घातलेले असे सातच जखमी त्यांच्या पाहण्यांत आले होते; त्या सातांपैकीं एकही दगावला नाहीं. सात ही संख्या लहान, हें खरें. म्हणून त्यांनीं शोध पुढें चालूच ठेविला. १९४१ च्या नोव्हेंबरांत ब्रिटिश लष्करानें कामावरील आपल्या स्वारांस हेल्मेट सक्तीचें केलें, आणि त्यानंतर मृत्यूंची संख्या उतरली, असें केर्न्स यांनीं १९४६ च्या लेखांत मांडलें. सर्व जनतेस ब्रिटनमध्यें ही सक्ति १९७३ सालीं झाली. तोंपर्यंत केर्न्स यांस जाऊन २१ वर्षें झालीं होतीं.

त्या एका मृत्यूनंतर केर्न्स हळहळून गप्प बसले असते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनीं विचारलें, ‘हें पुन्हां होऊं नये म्हणून काय करावें?’ ज्यांस त्यांचें नांवही ठाऊक नाहीं, असे असंख्य लोक त्या प्रश्नामुळें आज जिवंत आहेत.

६. आपण काय करावें

वेगाचा हिशेब. ताशीं ४० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें २० फूट उंचीवरून खालीं पडणें होय. वेग ६० झाला, तर ती उंची ४६ फूट होते. वेग दीडपट, पण आघात सव्वादोनपट! आपल्या गांवच्या विहिरींत वांकून पाहा, आणि मग वेग ठरवा.

हेल्मेट. भारताच्या कायद्याप्रमाणें चालविणाऱ्यानें व मागें बसणाऱ्यानें, दोघांनींही हेल्मेट घातलें पाहिजे. आय. एस. आय. चें चिन्ह पाहून घ्यावें, आणि हनुवटीखालील पट्टा लावावा. पट्टा न लावलेलें हेल्मेट मनुष्याच्या आधीं दूर जाऊन पडतें. एकदां जोराचा आघात सोसलेलें हेल्मेट पुन्हां वापरूं नये. आंतील अस्तर दबून निकामी झालेलें असतें, तें बाहेरून दिसत नाहीं.

पडलेल्यास मदत. १०८ क्रमांकावर फोन करावा. मान वांकवूं नये, ओढूं नये. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ फडकें घट्ट दाबून धरावें. हळद, राख वा चहापूड भरूं नये. ‘पोलिसांचा ससेमिरा लागेल’ या भीतीनें पुष्कळ लोक निघून जातात. ती भीति आतां धरूं नये. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मदत करणाऱ्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटारवाहन कायद्यांतच तें रक्षण आलें. मदत करणाऱ्यास आपलें नांव सांगण्याचीही सक्ति करतां येत नाहीं.

७. शेवट

माझा पाय आतां चालतो. पावसाळ्यांत ठणकतो, आणि चढावर किंचित् लंगडतो. तो ठणका मला नकोसा वाटत नाहीं. तो मला वेळेवर निघावयाची आठवण देतो. त्या तरुणास एक वर्ष लागलें. तो पुन्हां पेटीवर बसतो. एखादें कडवें मध्येंच विसरतो, तेव्हां सर्व मंडळी तें आवाज चढवून गाते, आणि त्याचीं बोटें मागाहून येऊन मिळतात. त्याची आई पहिल्या बांकावर असते. आमची मंडळी दूरच्या वाडीवर जाते, तेव्हां दाराशीं जितके स्वार तितकीं, आणि मागें बसणाऱ्यांचीं निराळीं, अशीं हेल्मेटें मांडून ठेवलेलीं असतात. ज्या मुलीनें प्रश्न विचारला होता, तिच्याकडे तीं मोजण्याचें काम दिलें आहे. एकही कमी पडलें, तर कोणी निघत नाहीं, पाळकही नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

१. हाड जुळविण्याचें काम कोण करतें, आणि डॉक्टर काय करतात? उतावळ्याची चूक कोणती, भित्र्याची कोणती?

२. डोक्यास मार लागलेल्या मनुष्याच्या घरच्यांनीं कोणतीं लक्षणें पाहावीं?

३. आपल्या गांवच्या रस्त्यावर नुकताच झालेला एक अपघात घ्या. पडणाऱ्याचा, दुसऱ्या वाहनाचा, व पाहूनही गप्प बसलेल्या गांवाचा वांटा किती, याचा विचार नांवें न घेतां करा.

४. आपण ज्या गोष्टीच्या आड उभे आहों, अशी एखादी ‘दिवा नसलेली ट्रॉली’ आपल्याही जवळ आहे काय? या प्रश्नाचें उत्तर वर्गांत देऊं नये. ज्यास द्यावयाचें, त्याच्या उंबऱ्यांत जाऊन द्यावें.